रेशमाला न चाललेलं पाणी

बनशंकरीच्या देवळापलीकडे, कन्नड मुलखातल्या या शहराच्या टोकाला, तेव्हा वस्ती विरळ होती. आमचं घर बैठं, कौलारू. मागे लांबट अंगण, अंगणात विहीर आणि विहिरीला लागून रंगाची पडवी. सासऱ्यांच्या आधीपासून या घरात रेशीम रंगवत आले. आनेकलचे एक विणकर कच्चं रेशीम घेऊन यायचे, आम्ही ते उकळून, धुऊन, रंगवून, वाळवून त्यांना परत द्यायचो. सासरे गेल्यावर घरात तिघंच उरलो. मी, माझे यजमान आणि सासूबाई. त्यांना आम्ही दोघंही अम्मा म्हणायचो.

मी बोलायला पहिल्यापासून मागे. चौथीनंतर शाळा सुटली आणि चारचौघांत तोंड उघडायची सवयही सुटली. दुकानात गेले तरी बोट दाखवून वस्तू मागायची. पण पडवीत बोलावं लागत नसे. यजमान उकळत्या हंड्यातून काठीवर लडी उचलून धरायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की लडी बाहेर, नाही हलवली की पुन्हा आत. रंग झाला की नाही हे ठरवायचं काम लग्नानंतर वर्षभरातच माझ्याकडे आलं होतं. कसं आलं ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या पडवीत माझं नुसतं बघणं म्हणजे बोलणं होतं.

नव्वदनंतर आमच्या आसपास घरं उठू लागली. पुण्याकडून, मुंबईकडून कॉम्प्युटरवाले लोक आले. जो घर बांधी तो आधी बोअर मारी. आमच्या विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात खाली खाली जाऊ लागलं. शेवटी एका उन्हाळ्यात बादली तळाच्या दगडावर आपटायला लागली. रात्रभर जे झिरपेल ते सकाळी उपसायचं, त्यात जेमतेम एक हंडा भरायचा. विणकर दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा त्यांचा माल अर्धाच झाला होता.

"पाणी नसेल तर काम बंद करू," यजमान एक दिवस जेवताना म्हणाले. "तयार कपड्यांच्या कारखान्यात माणसं घेताहेत. मी तिकडे जातो."

"आणि पडवी?" अम्मांनी विचारलं.

"पडवी भाड्यानं देऊ. स्कूटर ठेवायला जागा शोधताहेत लोक."

मी भात वाढत होते. काम गेलं तर त्यांना दुसरं मिळेल. मला कुठून मिळणार होतं? माझ्या हाताला दुसरं काही येत नव्हतं, आणि पडवीबाहेर माझ्याकडे बघून काही ठरवणारंही कोणी नव्हतं. हे मी बोलले नाही. पण अम्मा म्हणाल्या, "आधी बोअर मारून बघ. मग स्कूटरी ठेव," तेव्हा मी त्यांच्या पानात तूप जास्तच वाढलं.

पाणी दाखवायला आनेकलकडचा एक म्हातारा आला. त्यानं पायातल्या चपला काढल्या, सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि अंगणभर हळूहळू चालू लागला. आम्ही भिंतीला लागून उभे. विहिरीच्या कठड्याजवळ गेल्यावर त्याच्या हातातला नारळ हलला आणि शेंडी वर करून उभा राहिला.

"इथे," तो म्हणाला.

"तिथे नको," अम्मा म्हणाल्या. "थोरलीच्या उशाशी भोक पाडायचं नाही."

विहिरीला त्या थोरली म्हणत. दर वर्षी तिची ओटी भरत, नवा खण कठड्यावर ठेवत. घरात आलेली पहिली बाई तीच, असं त्यांचं म्हणणं.

"अव्वा, नारळ उभा राहतो तिथे पाणी असतं," म्हातारा म्हणाला.

"मग त्याला सांगा, स्वल्प बाजूला उभा राहा."

म्हातारा हसला. पुन्हा चालू लागला. शेवटी शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीपासून हातभर अंतरावर नारळ दुसऱ्यांदा उभा राहिला. तिथे त्यानं टाचेनं खड्डा केला आणि त्यात अम्मांनी हळद टाकली. तेव्हा कोणालाच वाटलं नाही की भिंतीपलीकडच्या घरालाही आधी सांगून ठेवावं.

बोअरची गाडी सकाळी आली. एका लॉरीवर उंच लोखंडी खांब आडवा झोपवलेला, दुसरीवर हवा कोंडायचं यंत्र आणि लांब लांब लोखंडी दांडे. माणसं सेलमकडची, तमिळ बोलणारी. त्यांचा मेस्त्री तेवढा कन्नड बोलायचा. खांब उभा केला तेव्हा तो आमच्या माडापेक्षा उंच गेला. पूजा झाली, लिंबू फोडलं आणि यंत्र सुरू झालं. आवाज असा की छातीतली हाडं हलतात. कौलांवरची धूळ खाली पडली. मी कान झाकले, पण आवाज पायांतून वर येत होता.

आमच्या घरात एक रीत होती. विहीर खोदताना "पाणी लागलं का?" असं कोणी मोठ्यानं विचारायचं नाही. जमीन ऐकते आणि पाणी मागे सरतं. अम्मांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. त्यामुळे आम्ही गप्प उभे आणि नजर भोकाकडे. आधी तांबडी माती आली. मग मुरूम. मग दगड लागला आणि भोकातून करडं पीठ उसळायला लागलं. दगडाचं पीठ, जात्यातून पडावं तसं बारीक. त्याचा लोट भिंतीवरून सरळ पलीकडे गेला.

एक दांडा आत गेला की मेस्त्री वर दुसरा जोडायचा. जोडायच्या आधी हवा बंद करून यजमानांकडे बघायचा आणि बोट वर करायचा. म्हणजे, आणखी घालू का? यजमान मान हलवायचे. प्रत्येक वेळी मान हलवायला त्यांना जरा जास्त वेळ लागू लागला. तेव्हा मला समजलं की पडवीत ते माझ्याकडे बघतात तेव्हा काय वाटत असेल. हो म्हणायचं तर कशाच्या जोरावर, आणि नाही म्हणायचं तर आतापर्यंत खोदलेलं सगळं फुकट.

दुपारी शेजारची खिडकी उघडली. ती पुण्याची बाई नवऱ्याबरोबर वर्षभरापूर्वी राहायला आली होती. तिला तान्हं मूल होतं, गच्चीवर गुलाबाच्या कुंड्या होत्या. तिची माझी ओळख नव्हती. एकदा गेटाशी भेटली तेव्हा मी आमच्या घरच्या कन्नड मिसळलेल्या मराठीत काहीतरी बोलले, त्यावर ती हसून म्हणाली होती, "अय्या, तुमचं मराठी किती वेगळं! किती गोड!" त्यानंतर ती दिसली की मी आत जायची.

"अहो, पाणी लागलं का?" ती खिडकीतून ओरडली. "नसेल लागत तर बंद करा ना हे! बाळाचे कपडे, बेडशीट, सगळं पिठानं भरलंय! सांगायची पद्धत असते की नाही?"

अम्मांनी कपाळावर हात मारला. नेमका तोच प्रश्न.

"एवढं पीठ फुकट आलंय," त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "चाळून ठेव म्हणावं. लाडू होतील."

"काय म्हणालात?"

"काही नाही. तुमचं मराठी गोड आहे म्हणाले."

खिडकी धाडकन बंद झाली. मेस्त्रीला काही कळलं नाही तरी तो हसला. मला मात्र लाजेनं घाम फुटला. चूक आमची होती. तिच्या दोरीवरची लंगोटी करडी झालेली मला इथून दिसत होती.

ऊन उतरलं तेव्हा यजमान भिंतीला टेकून बसले होते. मेस्त्रीनं बोट वर केलं. या वेळी त्यांनी मान हलवली नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं. सगळ्या माणसांसमोर. मी पदर तोंडाशी धरला आणि मान हलवली. का हलवली ते मला आजही सांगता येणार नाही. थांबा म्हणण्यासारखं माझ्यात काही नव्हतं, एवढंच.

तो दांडा अर्ध्यावर गेला आणि पीठ उडायचं थांबलं. ओले गोळे बाहेर पडू लागले. मेस्त्रीनं एक उचलून मुठीत दाबला, बोटांतून पाणी निघालं. मग भोकातून घुसमटल्यासारखा आवाज आला आणि पाणी एकदम वर फुटलं. करडं, चिखलाचं, मग दुधट, मग हळूहळू स्वच्छ. आम्ही सगळे भिजलो. पाणी गार असेल असं वाटलं होतं, पण ते कोमट होतं, एखाद्याच्या तोंडातून आल्यासारखं.

"ओटी भर तिची," अम्मा मला म्हणाल्या. "धाकटी आली घरात."

भोकात बसवलेल्या लोखंडी नळीच्या तोंडाशी मी खण ठेवला, तांदूळ ठेवले, नारळ ठेवला. हळदकुंकू लावलं तर ते पाण्यानं ओघळून गेलं. पुन्हा लावलं. लोखंडाची ओटी भरताना कोणाला हसू आलं असेल, मला आलं नाही.

मोटार बसवली आणि तोटी सुरू झाली त्या दिवशी अम्मांनी आणखी एक रीत सांगितली. नवं पाणी आधी जुन्या विहिरीला दाखवायचं. घरात धाकटी आली की थोरलीचं मन मोडतं, म्हणून धाकटीच्या हातचं पाणी थोरलीला पाजायचं. पाच घागरी ओतायच्या, बस. पण यजमान इतके खूश होते की त्यांनी घागरी बाजूला सारल्या आणि रबरी नळीच विहिरीत सोडली.

"पाचच का? पोटभर पिऊ दे तिला. आणि आपल्यालाही साठा राहील."

संध्याकाळपर्यंत विहिरीच्या आतल्या पायऱ्या बुडाल्या. कित्येक वर्षांनी त्या पाण्यात आकाश दिसलं. अम्मा कठड्यावर हात ठेवून बघत बसल्या. आम्हाला तिघांनाही त्या दिवशी फार आनंद झाला होता, आणि त्याच आनंदात आम्ही आपलं उरलंसुरलं पाणी बुडवलं, हे पुढे आठ दिवसांनी कळलं.

विणकरांनी लाल रंगाचा माल दिला होता. लग्नाच्या साड्यांचा लाल. कच्च्या रेशमावर एक चिकट थर असतो. साबणाच्या पाण्यात उकळून तो काढल्याशिवाय रेशमाला चमक येत नाही, रंगही बसत नाही. यजमानांनी हंडा भरला, साबण टाकला, चूल पेटवली. फेस येईना. आणखी साबण टाकला. फेसाऐवजी पांढरे कण वर आले, फाटलेल्या दुधासारखे, आणि लडींना चिकटले. धुतले तरी जाईनात. तसंच रंगवलं तर लाल रंग जागोजागी वेगळा बसला, कुठे गडद, कुठे फिका, अंगावर पित्त उठावं तसा.

"साबणात भेसळ आहे," यजमान म्हणाले आणि दुसरा साबण आणायला गेले.

त्याच दिवशी स्वयंपाकघरात तुरीची डाळ शिजत नव्हती. सकाळपासून चुलीवर होती, दाणे तसेच्या तसे. "नव्या वाण्याची डाळ," अम्मा म्हणाल्या. "जुन्याकडूनच आण."

मी मध्ये उभी होते. इकडे पडवीत साबण, तिकडे चुलीवर डाळ. माझे केसही दोन दिवसांपासून काथ्यासारखे झाले होते. साबण, डाळ आणि माझे केस, तिघांचं एकदम बिघडायला एकच गोष्ट तिन्ही ठिकाणी जात होती. प्यायला आम्ही कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाची एक घागर आणत असू, म्हणून तोंडाला फरक लागला नव्हता. यजमान परत आल्यावर मी ती घागर उचलून पडवीत नेली. छोट्या पातेल्यात ते पाणी ओतलं, त्यांनी आधी टाकून दिलेला साबणच त्यात घातला आणि एक लडी सोडली. फेस पातेल्याच्या काठाबाहेर आला.

आम्ही दोघं त्या फेसाकडे बघत राहिलो.

"विहिरीचं जुनं पाणी थोडं जरी राहिलं असतं," ते म्हणाले आणि थांबले. नळी त्यांनीच विहिरीत सोडली होती, आता दोन्ही पाणी एक झालं होतं. पाणी म्हणजे पाणी, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या समजत आलो होतो, कारण कामाला आमच्याकडे एकच पाणी होतं. वरच्या मातीतून झिरपलेलं पाणी मऊ आणि दगडाच्या पोटातलं पाणी जड, हे कळायला दुसरं पाणी घरात यावं लागलं.

टँकर मागवावा तर टँकरवालेही बोअरचंच पाणी आणायचे. सार्वजनिक नळावर दोन घागरींवर भांडणं होत. आमच्या जुन्या वस्तीत घरात नळ नव्हते. नळ होते ते नव्या घरांना. कावेरीचं पाणी एक दिवसाआड यायचं आणि जमिनीखालच्या टाकीत पडायचं. इथे सगळे तिला संप म्हणतात. आमच्या भिंतीला लागून असा एक भरलेला संप होता. पुण्याच्या बाईचा.

"मी नाही जाणार," यजमान म्हणाले. "तिचा नवरा त्या दिवसापासून माझ्याकडे बघतसुद्धा नाही."

"मी गेले तर लाडू विचारेल," अम्मा म्हणाल्या.

आनेकलहून निरोप आला होता. विणकर शुक्रवारी येणार आणि माल झाला नसेल तर उचलून मशीनवर रंगवणाऱ्याकडे देणार. एकदा माल तिकडे गेला की परत येत नाही, हे आम्ही दुसऱ्यांच्या घरी बघितलं होतं.

मी काय बोलायचं ते मनात जुळवलं, पण तिच्या दाराशी जाईपर्यंत सगळं विसरले. दार तिनंच उघडलं. कडेवर मूल, केस विस्कटलेले.

"अक्का," मी म्हटलं. पुढे काही सुचेना.

"अक्का?" ती म्हणाली. "मी तुमच्याहून लहान असेन हो. बोला ना, वहिनी. धुळीबद्दल सॉरी म्हणायला आलात का?"

"हो," मी म्हटलं. मग वाटलं, हे खोटं आहे. "म्हणजे, ते पण. पाणी हवंय."

"पाणी?" तिचे डोळे मोठे झाले. "अहो, तुम्ही तर माझ्या डोक्यावर दगडाचा पाऊस पाडून पाणी काढलंत! तिकडे नदी वाहतेय म्हणे."

"ते पाणी रेशमाला चालत नाही."

मग मी बोलले. साबणाचं, डाळीचं, केसांचं, शुक्रवारचं. एवढं सलग मी लग्नानंतर कोणाशी बोलले नव्हते. मध्ये आमचे कन्नड शब्द आले, मी ते बदलायला गेले तर अडखळले, म्हणून तसेच राहू दिले. ती ऐकत होती. तिच्या मुलानं माझ्या बांगडीला हात घातला आणि सोडेना.

"आमचं रोजचं संपेल ना पण," ती शेवटी म्हणाली. "एक दिवसाआड पाणी येतं. त्यातच बाळाचं, धुणं, आणि माझ्या कुंड्या. कुंड्या तर वाळतच चालल्यात."

मी तिच्या गच्चीकडे बघितलं. "कुंड्यांना आमचं चालेल. फरशीला चालेल. संडासाला चालेल. तिथे काही फेस लागत नाही."

ती खदखदून हसली. "तुम्ही बोलता की! मला वाटायचं, वहिनींना राग आहे माझा. दिसले की आत पळता."

"राग नाही," मी म्हटलं. "येत नाही मला."

"काय येत नाही?"

"बोलायला."

तिनं मुलाची मूठ माझ्या बांगडीवरून सोडवली. मग म्हणाली, "संध्याकाळी नळी टाका भिंतीवरून. ह्यांना मी सांगते. पण सासूबाईंना सांगा, लाडवांचं मी विसरले नाहीये."

"सरी," मी म्हटलं, म्हणजे आमच्याकडचं बरं. तीही हसून "सरी" म्हणाली.

त्या संध्याकाळी भिंतीवरून दोन नळ्या गेल्या. एकीतून आमचं पाणी तिकडे, दुसरीतून त्यांचं इकडे. अम्मा बराच वेळ त्या नळ्यांकडे बघत होत्या. "आपलंच पाणी परक्याच्या कुंडीला," त्या म्हणाल्या, "आणि कुठल्या कुठल्या नदीचं आपल्या हंड्यात." पण हंडा भरायला त्यांनीच नळी धरली.

मी पुष्कळदा विचार करते. इतक्या खोल गेलो, दगड फोडला, आवाजानं सगळी गल्ली हलवली, आणि जे आलं ते आमच्या कामाचं नव्हतं. ते पाणी वाईट नव्हतं. आजही आम्ही त्यानंच अंगण धुतो. ते आमच्यासाठी तिथे थांबलेलं नव्हतं, एवढंच. आम्ही त्याला धाकटी म्हटलं, ओटी भरली, तरी ते आपल्या स्वभावानंच आलं. आणि जे हवं होतं ते हातभर अंतरावर, भिंतीपलीकडे होतं. ते मिळवायला यंत्र लागलं नाही. पण मला यंत्रापेक्षा ते सोपं गेलं असंही म्हणता येणार नाही.

शुक्रवारी विणकर आले. लडी बांबूवर वाळत होत्या, डागाळलेल्याही पुन्हा उकळून रंगवल्या होत्या. त्यांनी एक काढून उजेडात नेली, पिळली, अंगठ्यानं चोळली. यजमान एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभे होते.

"बोअर मारलं म्हणे," विणकर म्हणाले. "बोअरच्या पाण्यात असा लाल येत नाही. मी रिकामी पिशवी घेऊनच आलो होतो, सगळा माल उचलायला."

"नळाच्या पाण्यात केलंय," यजमान म्हणाले.

"नळ कुठे आहे तुमच्याकडे?"

यजमान माझ्याकडे बघायला लागले. मी पडवीच्या दारात होते. नेहमीसारखी मान हलवून भागणारं नव्हतं.

"शेजारी आहे," मी म्हटलं. "मागून घेतलं."

"रोज देतील?"

"एक दिवसाआड."

विणकरांनी लडी मोजल्या नाहीत, नुसत्या पिशवीत भरल्या. मग दाराबाहेर जाऊन सायकलवरून दुसरं गाठोडं घेऊन आले आणि पडवीत ठेवलं. कच्चं, पिवळट रेशीम, पहिल्यापेक्षा मोठं. मशीनवाल्याकडे न्यायला बांधलेलं असावं, गाठ त्या पद्धतीची होती.

"हे पुढच्या शुक्रवारी," ते म्हणाले. "हिरवा."

यजमान गाठ सोडायला बसले. मी हंड्याकडे बघितलं, तो निम्माच होता. उद्या पाणी येणार की परवा, हे शेजारी विचारायला हवं होतं. मी पदर नीट केला आणि चपला घातल्या.